दोन अणूंमधील रस्सीखेच



गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना माझ्या हातून एक चूक झाली. अकरावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत दोन गुणांचा एक लहानसा प्रश्न होता. लिथियम हायड्राइड या संयुगातील बंध कोणत्या प्रकारचा आहे, ते विद्युत्-ऋणतेच्या आकड्यांवरून सांगा, असा तो प्रश्न. प्रश्न मीच काढला होता आणि उत्तरही मीच ठरवून ठेवले होते. हायड्रोजनचा आकडा २.२०, लिथियमचा ०.९८. वजाबाकी १.२२. फरक १.७ पेक्षा कमी, म्हणून बंध सहसंयुज, पण ध्रुवीय. चाळीसपैकी छत्तीस मुलांनी हेच लिहिले आणि पुरे गुण मिळवले. एका मुलीने मात्र लिहिले, 'बंध आयनिक आहे आणि त्यात हायड्रोजन ऋण आहे.' मी लाल शाईने शून्य दिले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलगी मराठी घरातली, म्हणून माझ्याशी मराठीतच बोलते. म्हणाली, "सर, दादाच्या जुन्या पुस्तकात लिहिले आहे की असे हायड्राइड वितळवून त्यातून वीज नेली, तर हायड्रोजन धनाग्रावर निघतो. धनाग्राकडे यायचे तर तो ऋण असायला हवा ना?" मी तिला म्हटले, "वजाबाकी करून पाहा." तिने फक्त "केली होती, सर," एवढेच म्हटले आणि ती निघून गेली.

त्या 'केली होती, सर' या तीन शब्दांनी मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आजचे माझे भाषण त्यातूनच उभे राहिले आहे. दोन अणू एकमेकांना धरून राहतात, तेव्हा त्यांच्यामधील इलेक्ट्रॉन कोणाच्या बाजूला अधिक झुकलेले असतील, हे आधी कसे ओळखावे, आणि आपले ओळखणे कोठवर खरे ठरते, याविषयी मला बोलावयाचे आहे.

आरंभीच एक अडचण सांगून टाकतो, कारण ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ती रोजची आहे. महाराष्ट्रातील आजच्या पाठ्यपुस्तकांत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अनेक अणू मिळून होतो तो रेणू. येथील हिंदी पुस्तकांत पहिल्यास परमाणु म्हणतात आणि दुसऱ्यास अणु. म्हणजे घरी आजोबा ज्याला अणू म्हणतात तो शाळेत परमाणु होतो आणि शाळेतला अणु घरी रेणू होतो. पाण्याच्या एका 'अणू'त तीन 'अणू' असतात, असे वाक्य एका विद्यार्थ्याने अगदी प्रामाणिकपणे लिहिलेले मी पाहिले आहे. दोन्ही भाषा त्याला येत होत्या, हाच त्याचा अपराध. आज मी मराठी शब्द वापरणार आहे. अणू म्हणजे एकटा, रेणू म्हणजे कुटुंब.

रासायनिक बंधाची सोपी कल्पना अशी की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. दोन्ही अणू एकाच जातीचे असतील, तर ही वाटणी अगदी समसमान होते. हायड्रोजनचे दोन अणू, क्लोरीनचे दोन अणू, ऑक्सिजनचे दोन अणू, येथे ओढाओढीचा प्रश्नच नाही. फरक शून्य. शून्य म्हटले की ग्वाल्हेरकराला आपल्या किल्ल्याची आठवण होणे साहजिक आहे. चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि देवाला रोज ५० माळा असे आकडे कोरलेले आहेत, आणि त्या दोन्ही आकड्यांतील शून्य आजच्यासारखेच गोल आहे. परंतु रसायनशास्त्रातील हे शून्य एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या गळी उतरले नव्हते. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले की अणू एकमेकांना चिकटतात ते त्यांच्यातील विरुद्ध विद्युत्भारांमुळे. एक धन, दुसरा ऋण. विद्युत्-ऋण मूलद्रव्ये आणि विद्युत्-धन मूलद्रव्ये अशी रांगच त्यांनी लावली आणि ऑक्सिजनला ऋण टोकावर बसवले. मिठासारख्या पदार्थांना ही कल्पना चांगली लागू पडे. पण मग हायड्रोजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना कसे धरतील? बर्झेलियस म्हणत, धरणारच नाहीत. म्हणून सारख्या अणूंच्या जोडीचा रेणू असू शकतो, हे अव्होगाड्रो यांचे म्हणणे त्यांनी मानले नाही. सामाईक जोडीची कल्पना पुढे विसाव्या शतकात आली, तेव्हा या शून्याला रसायनशास्त्रात जागा मिळाली.

अणू निरनिराळ्या जातींचे असले की मात्र जोडी एका बाजूला सरकते. बंधातील सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेण्याची अणूची जी शक्ती, तिला विद्युत्-ऋणता म्हणतात. या शक्तीला आकडा देण्याचे काम अमेरिकेतील लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली केले. (या पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि पुढे १९६२ साठीचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.) ही शक्ती तराजूत घालून तोलता येत नाही. पॉलिंग यांनी ती आडवळणाने मोजली आणि ते आडवळण मला स्वतःला फार आवडते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हायड्रोजनच्या दोन अणूंमधील बंध तोडण्यास दर मोलला ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनच्या दोन अणूंमधील बंध तोडण्यास २४३. आता हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यामधील बंध केवढा बळकट असावा? वाटणी समसमान असती, तर दोहोंची सरासरी, म्हणजे ३४० च्या आसपास, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात लागतात ४३२. हे वरचे सुमारे ९२ किलोज्यूल आले कोठून? पॉलिंग म्हणाले, वाटणी असमान झाल्यामुळे आले. क्लोरीनकडे थोडा ऋणभार साचला, हायड्रोजनकडे तेवढाच धनभार उघडा पडला आणि या दोन विरुद्ध भारांच्या ओढीने बंध अधिक घट्ट झाला. म्हणजे बर्झेलियस यांचे म्हणणे अगदीच फुकट गेले नव्हते! त्या वरच्या ऊर्जेला ९६.५ ने भागून वर्गमूळ काढले की जो आकडा येतो तो दोन अणूंच्या विद्युत्-ऋणतेतील फरक. आपल्या उदाहरणात तो ०.९८ येतो. आजच्या तक्त्यात क्लोरीन ३.१६ आणि हायड्रोजन २.२० आहे, फरक ०.९६. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

अशा फरकांतून पॉलिंग यांनी एक मोजपट्टी तयार केली आणि तिच्या वरच्या टोकाला फ्लोरीनला ४ हा आकडा दिला. १९६१ साली ऑलरेड यांनी नवी मोजमापे घेऊन हे आकडे सुधारले, म्हणून आज आपण फ्लोरीन ३.९८ लिहितो. दरम्यान १९३४ साली मुलिकन यांनी दुसऱ्याच वाटेने, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा आणि अणूने इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ऊर्जा यांची सरासरी काढून, हीच शक्ती मोजली होती. दोन्ही वाटा बहुतांशी एकाच गावी पोचतात.

पण आकडे पाठ करण्याची गरज नाही, हेच या विषयाचे खरे सौंदर्य. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा श्रोत्यांनी आवर्तसारणी एखाद्या गावच्या नकाशासारखी डोळ्यांपुढे आणावी. उजवीकडच्या शेवटच्या आळीत निष्क्रिय वायू राहतात, ते सहसा कोणाच्या देण्याघेण्यात नसतात. त्यांना तूर्त सोडून द्या. त्यांच्या शेजारच्या आळीत सर्वांत वरचे घर फ्लोरीनचे. गावातली सर्वांत जबर ओढ त्या घराची. तेथून तिरपे खाली डावीकडे कोपऱ्यात जा. तेथे सीझियम राहते, ०.७९. त्याच्याइतके उदार घर शोधून सापडणार नाही. या दोन कोपऱ्यांमध्ये सारे गाव पसरले आहे. डावीकडून उजवीकडे जावे तसतशी ओढ वाढते. लिथियम ०.९८, बेरिलियम १.५७, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. वरून खाली उतरावे तसतशी ती कमी होते. फ्लोरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६.

याचे कारण अवघड नाही. लिथियमच्या केंद्रात तीन प्रोटॉन आहेत, पण आतल्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन मध्ये उभे राहून त्यांतील दोहोंचा प्रभाव झाकतात. बाहेरच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनाला केंद्र जेमतेम एका प्रोटॉनाएवढे जाणवते. फ्लोरीनच्या केंद्रात नऊ प्रोटॉन आणि झाकणारे आतले इलेक्ट्रॉन तेच दोन. बाहेरचे सात एकाच कवचात असल्यामुळे परस्परांना फारसे झाकू शकत नाहीत. केंद्राची ओढ अशी वाढत गेली की अणू आक्रसतो आणि ओढ आणखी वाढते. खाली उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर नवे कवच येते, केंद्र आणि सीमा यांतील अंतर वाढते आणि ओढ सैल पडते. सारा गाव या नियमाने वागतो असे नाही. अॅल्युमिनियमच्या खालचे गॅलियम १.८१ आहे, खुद्द अॅल्युमिनियम १.६१. मधल्या दहा नव्या इलेक्ट्रॉनांना झाकण्याचे काम नीट जमत नाही, त्याचा हा परिणाम. आणि जयविलास राजवाड्याच्या दरबारात ज्याचा मुलामा पाहून पाहुणे माना उंचावतात ते सोने! धातू असून त्याचा आकडा २.५४, म्हणजे कार्बनच्या बरोबरीचा. सीझियमची त्याच्याशी गाठ पडली, तर सोने इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन बनते आणि मिठासारखा पदार्थ तयार होतो. सोन्याने घेतलेच पाहिजे, दिले नाही तरी चालेल, हा संसारातला अनुभव रसायनशास्त्रातही यावा याची मला गंमत वाटते.

हा नकाशा हाती आला की बंधाविषयी बरेच काही सांगता येते. दोन अणूंची घरे त्या तिरप्या वाटेवर जितकी दूर, तितका बंध अधिक ध्रुवीय. मी मूळचा वसईचा. लहानपणी खाडीकाठची मिठागरे पाहत मोठा झालो. उन्हात समुद्राचे पाणी आटले की खाली उरणारे पांढरे मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, ०.९३ आणि ३.१६. फरक २.२३. येथे ओढाओढ संपलेली आहे. सोडियमने आपला इलेक्ट्रॉन जवळजवळ देऊन टाकला आहे आणि धन आयन व ऋण आयन बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आळीपाळीने बसले आहेत. नोकरीच्या निमित्ताने ग्वाल्हेरास आलो आणि मिठागरांच्या जागी रोज किल्ल्याचा वालुकाश्म दिसू लागला. त्यातील वाळूचा कण म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, १.९० आणि ३.४४. फरक १.५४. हाही बंध चांगलाच ध्रुवीय. मग पावसाळ्यात मीठ पाझरते आणि पंधराव्या शतकात कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती मात्र पावसाखाली उभ्याच राहतात, हे कसे? मिठात प्रत्येक आयन सुटा आहे. पाण्याचे रेणू त्याला चोहोकडून वेढतात, आपला ऋण ऑक्सिजन सोडियमकडे आणि धन हायड्रोजन क्लोरीनकडे वळवतात आणि एकेक आयन उचलून नेतात. वाळूत प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांशी बांधलेला असतो. एक उचलायचा तर चारही बंध तोडावे लागतात. फरकाचा आकडा जोडी किती झुकली आहे ते सांगतो. बांधणी कशी आहे हे तो सांगत नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला ध्रुवीयता कळण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. अंगावरचे कापड पुरे. बिर्लानगर हे गिरण्यांचे गाव. १९२१ साली सुरू झालेली जियाजीराव कापड गिरणी आज बंद आहे, पण तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे अजून भेटतात. १९४७ साली येथेच ग्वाल्हेर रेयॉन कंपनी स्थापन झाली. तिने १९५४ साली चंबळेच्या काठी नागद्याला व्हिस्कोज तंतूचा कारखाना काढला आणि आज ती ग्रासिम या नावाने ओळखली जाते. त्या नावात ग्वाल्हेर आणि रेयॉन यांची अक्षरे अद्याप आहेत.

कापूस आणि व्हिस्कोज हे दोन्ही सेल्युलोजचे. सेल्युलोजच्या लांब साखळीवर ठिकठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या आहेत. फरक १.२४. अशी जोडी पाण्याच्या रेणूला ओळखीच्या माणसासारखी हाक मारते, कारण पाण्यातही तीच जोडी आहे. एकाचा धन हायड्रोजन दुसऱ्याच्या ऋण ऑक्सिजनकडे झुकतो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. म्हणून साधारण हवेत कोरड्या कापसाच्या शंभर भारांमागे आठ-साडेआठ भार ओलावा असतो, व्हिस्कोजमध्ये ११ ते १३ आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या भाराहूनही कमी. पॉलिएस्टरच्या साखळीत ऑक्सिजन आहे, पण हायड्रोजन जवळजवळ सारा कार्बनला जोडलेला, आणि त्या दोहोंत फरक केवळ ०.३५. मे महिन्यात बाड्यावरून चालत घरी येणाऱ्याला या वजाबाकीचा अर्थ पाठीवरच्या घामाने कळतो.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता विचारील की सेल्युलोजला पाण्याची एवढी ओढ असेल, तर धोतर धुताना विरघळून का जात नाही? तेही याच ओढीमुळे. शेजारशेजारच्या साखळ्यांनी आपल्या जोड्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या असतात की पाणी बाहेरूनच ओले करून परत जाते. ही गुंतवण सोडवणे हेच व्हिस्कोजच्या कारखान्याचे मुख्य काम. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. कार्बन २.५५, गंधक २.५८, फरक ०.०३, जवळजवळ शून्य. हा अध्रुवीय द्रव सेल्युलोजवर आपले गंधक नेऊन बसवतो, तेथे सोडियमसह आयनिक टोके तयार होतात आणि साखळ्या एकमेकींपासून सुटून सोड्याच्या पाण्यात विरघळतात. मधासारखा दाट द्रव होतो. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की गंधक निघून जाते, पहिल्या जोड्या परत येतात आणि लाकडाचा तंतू होतो.

आता या नकाशाच्या उणिवांकडे वळतो. त्यांतील एक तर जिवावर बेतणारी आहे.

पहिली उणीव सर्व पुस्तकांत असते. बंध ध्रुवीय म्हणून रेणू ध्रुवीय असेलच असे नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, प्रत्येकी फरक ०.८९, पण तीनही अणू सरळ रेषेत असल्याने एकीकडची ओढ दुसरीकडच्या ओढीने फिटते आणि रेणूचे द्विध्रुव-परिबल शून्य येते. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे, म्हणून ओढ फिटत नाही, तेथे १.८५ डिबाय उरते. याच कारणाने सिलिकॉन टेट्राफ्लोराइड फसवते. त्यातील फरक २.०८, मिठाच्या २.२३ च्या जवळचा, पण मीठ ८०१ अंशांना वितळते आणि हा पदार्थ साध्या खोलीत वायू असतो. चार फ्लोरीन सिलिकॉनला चारी बाजूंनी वेढून बसतात आणि प्रत्येक रेणू आपापल्या घरात दार लावून घेतो. मग १.७ च्या वर आयनिक, हा आमचा फळ्यावरचा नियम कोठे राहिला? मिथिल फ्लोराइड आणि मिथिल क्लोराइड यांचीही तऱ्हा पाहा. नकाशाप्रमाणे फ्लोरीनचा रेणू अधिक ध्रुवीय हवा. मोजल्यास फ्लोराइड १.८६ डिबाय आणि क्लोराइड १.८९. परिबल म्हणजे भार गुणिले अंतर, आणि क्लोरीनचा बंध लांब आहे, एवढेच.

दुसरी उणीव कार्बन मोनॉक्साइडची. कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४. नकाशा सांगतो, ऑक्सिजनची बाजू ऋण, आणि बरीच ऋण. मोजून पाहता परिबल केवळ ०.११ डिबाय, आणि तेही उलट्या दिशेने, कार्बनची बाजू ऋण! दोहोंमध्ये तिहेरी बंध आहे; त्यातील एक जोडी सर्वस्वी ऑक्सिजनकडून आलेली, आणि कार्बनकडे आणखी एक मोकळी जोडी बाहेरच्या बाजूला निघालेली. या दोन गोष्टी मिळून ऑक्सिजनची ओढ पुरती फेडून टाकतात. कार्बनवरची ही मोकळी जोडी रक्तातील लोहाला जाऊन धरते, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत दारे-खिडक्या बंद करून कोळशाची अंगीठी पेटती ठेवून झोपणाऱ्यांचा घात करतो तो हाच वायू. त्याला वास नाही, रंग नाही. हिवाळ्याच्या सुट्टीआधीच्या तासाला मी हा धडा अभ्यासक्रमात नसला तरी घेतो आणि मुलांना घरी जाऊन खिडकीची एक फट उघडी ठेवण्यास सांगतो. आज तुम्हांलाही सांगतो.

आणि तिसरी उणीव म्हणजे ते लिथियम हायड्राइड. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधात फरक १.२४, लिथियम-हायड्रोजन बंधात १.२२. फळ्यावरच्या नियमाला दोन्ही सारखेच दिसतात. पण वायुरूपातील लिथियम हायड्राइडच्या रेणूचे परिबल ५.८८ डिबाय आहे आणि बंधाची लांबी १.६० अँगस्ट्रॉम. इलेक्ट्रॉन पूर्णपणे दिला गेला असता तर ते ७.६६ झाले असते. म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक भार हायड्रोजनकडे गेलेला आहे. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधात हेच प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश येते. घनरूपात तर लिथियम हायड्राइडची मांडणी मिठासारखीच, आणि वितळवून वीज सोडली की हायड्रोजन धनाग्रावर निघतो. मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

असे का व्हावे? फरक हा रस्सीखेचीतला झुकाव दाखवतो. दोन्ही गडी एकूण किती जबर आहेत हे तो दाखवत नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची सरासरी २.८२. दोघेही इलेक्ट्रॉन सहजी सोडणारे नाहीत, म्हणून जोडी दोघांच्या मध्येच घट्ट राहते. लिथियम आणि हायड्रोजन यांची सरासरी १.५९. लिथियमचा हात मुळातच सैल. मध्ये धरून ठेवणारे कोणी नाही. हॉलंडच्या व्हान आर्केल यांनी १९४१ मध्ये आणि केटेलार यांनी १९४७ मध्ये हे जाणून एक त्रिकोण काढला. त्याच्या एका कोपऱ्यात धातू, दुसऱ्यात सहसंयुज पदार्थ, तिसऱ्यात आयनिक. आज तो त्रिकोण काढताना आडव्या रेषेवर सरासरी आणि उभ्या रेषेवर फरक मांडतात. पाण्याचा बंध त्यात सहसंयुज कोपऱ्याकडे पडतो आणि लिथियम हायड्राइड त्याच्या समोरच्या, धातूकडून आयनिक कोपऱ्याकडे जाणाऱ्या कडेपाशी. १.७ ही आडवी रेघ ओढून वर एक जात आणि खाली दुसरी जात करणे ही आमच्या शिक्षकांची सोय आहे. निसर्गाने ती रेघ ओढलेली नाही. ती सोय मीही वीस वर्षे निःशंकपणे शिकवली, हे कबूल करतो.

त्या मुलीला मी पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत बोलावले. लिथियम हायड्राइड आमच्या शाळेत नाही, आणि असते तरी मुलांच्या हाती दिले नसते. म्हणून मी फळ्यावर फक्त दोन नावे लिहिली, एक त्याचे आणि दुसरे पाण्याचे, आणि विचारले, "ही दोन एकत्र आली तर काय होईल?" तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "याच्यातला हायड्रोजन ऋण आणि पाण्यातला धन. म्हणजे ते दोघेच एकमेकांना धरतील, सर. हायड्रोजन वायू निघेल." खरोखर तसाच तो निघतो, आणि जोराने निघतो. एकच मूलद्रव्य, एकाच वजाबाकीने दोन विरुद्ध वेष घेऊन समोरासमोर आले आणि शेवटी त्यांच्यातला फरक शून्य झाला.

मी गुणपत्रकात तिचे दोन गुण लिहिले आणि बाजूला सही केली. छत्तीस मुलांचे गुण कापावेत की काय, हा प्रश्न काही काळ मनात होता. पण त्यांनी मी शिकवले तेच लिहिले होते, म्हणून ते तसेच राहू दिले. यंदाच्या सहामाहीत तोच प्रश्न पुन्हा घातला आहे. त्याच्याखाली एक ओळ वाढवली आहे: हा पदार्थ वितळवून त्यातून वीज नेल्यास हायड्रोजन कोणत्या अग्रावर निघेल, ते कारणासह लिहा.